खांद्याच्या सांध्याची झीज : निदान पक्के कसे करावे आणि उपचार कोणत्या क्रमाने घ्यावेत?

खाडीपलीकडची :
माझी आई ६७ वर्षांची असून देवगड तालुक्यातील आमच्या गावी राहते. मी नोकरीनिमित्त ठाण्यात असते. आईला बऱ्याच वर्षांपासून मधुमेह आहे. वर्षभराहून अधिक काळ तिचा उजवा खांदा दुखत आहे. आता अंबाडा घालणे, फडताळाच्या वरच्या फळीवरचा डबा काढणे आणि त्या कुशीवर झोपणे या तिन्ही गोष्टी तिने जवळजवळ सोडून दिल्या आहेत. हात फिरवला की आत करकर वाजते, असे ती म्हणते.

गावाजवळच्या एका दवाखान्यात हा फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, असून तो कालांतराने आपोआप सुटेल, असे सांगण्यात आले. पुढे शहरातील एका डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि सांधा झिजला आहे, आज ना उद्या बदलावा लागेल, असे सांगितले. आळीतल्या सर्वांचे मत मात्र हा वात आहे असेच आहे. या तीन मतांपैकी कोणते धरून चालावे, निदान पक्के करण्यासाठी नेमके काय पाहावे आणि शस्त्रक्रियेआधी कोणते मार्ग उरतात, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

व्यायामोपचार :
ताई, मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. रुग्णाला प्रत्यक्ष न पाहता निदान करता येत नाही, तरी डॉक्टरांपुढे कोणते प्रश्न घेऊन जावे हे सांगता येईल.

खांद्याचा मुख्य सांधा म्हणजे दंडाच्या हाडाचे गोल टोक आणि फऱ्याच्या, म्हणजे पाठीवरच्या चपट्या, हाडावरची वाटी. ही वाटी फार उथळ असते. बशीत चेंडू ठेवावा तसा हा सांधा आहे. म्हणूनच हात सर्व दिशांना फिरतो, आणि म्हणूनच त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडांपेक्षा भोवतालचे स्नायू, त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा आणि सांध्याचे वेष्टन यांनाच अधिक करावे लागते. दोन्ही हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चा असते. ती पातळ होऊन हाड हाडावर घासू लागले, कडेने हाडाचे कंगोरे वाढले आणि वेष्टन आक्रसले, की त्याला आपण झीज म्हणतो. गुडघ्याप्रमाणे शरीराचे वजन खांद्यावर येत नसल्यामुळे गुडघ्याच्या मानाने खांद्याची झीज कमी लोकांत आढळते, आणि त्यामुळेच खांदा दुखणाऱ्या माणसाच्या बाबतीत तिचा विचार उशिरा होतो.

घरी करून पाहण्याजोगी एक तपासणी आहे. आईंना बसवून कोपर अंगाला चिकटवावे, कोपरात हात काटकोनात वाकवावा आणि दुसऱ्या कोणीतरी हळुवारपणे त्यांचे मनगट बाहेरच्या दिशेला न्यावे. दुखऱ्या हाताची तुलना चांगल्या हाताशी करावी. आईंना स्वतःला हात उचलता येत नाही, परंतु दुसऱ्याने उचलला तर तो सहज जातो, असे असेल तर दोष बहुधा रोटेटर कफ या चार स्नायूंच्या पट्ट्यात असतो. हंगामात दिवसभर झेल्याने आंबे उतरवणाऱ्या गड्यांमध्ये मला हा प्रकार वारंवार दिसतो. दुसऱ्याने फिरवूनही हात बाहेरच्या बाजूला वळत नसेल, तर मुख्यतः दोन शक्यता उरतात: फ्रोझन शोल्डर किंवा सांध्याची झीज. या दोन्हींत रुग्णाची तक्रार जवळपास सारखीच असते आणि त्यांतला फरक एक्स-रे सांगतो, कारण फ्रोझन शोल्डरमध्ये हाडांमधली जागा शाबूत दिसते. मधुमेह असलेल्यांना फ्रोझन शोल्डर अधिक होतो हे खरे आहे, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांचा अंदाज अगदीच निराधार नव्हता. मात्र एक्स-रे न काढता तो अंदाज पक्का मानला गेला असावा असे वाटते.

आणखी एक गोष्ट तपासावी. दुखणे खांद्याच्या अगदी माथ्यावर बोट ठेवून दाखवता येत असेल आणि हात छातीवरून दुसऱ्या खांद्याकडे नेताना वाढत असेल, तर हसळीच्या, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या, हाडाच्या टोकाचा लहान सांधा झिजलेला असू शकतो. हा प्रकार मुख्य सांध्याच्या झिजेपेक्षा पुष्कळ अधिक आढळतो आणि त्याचा उपचार वेगळा आहे.

माडबाग :
जाणकारांनी लिहिले आहेच, तरीही जुन्या उपायांना इतक्या लवकर बाजूला सारू नये असे माझे नम्र मत आहे. आमच्या घरी निर्गुडीचा पाला वाफवून त्याचा शेक आणि वर कोमट तेल, हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. माझ्या काकांचा खांदा एका हाडवैद्याने ओढून मोकळा केला आणि ते पुन्हा रापण ओढायला जाऊ लागले. शिवाय सांध्यात वंगण भरण्याचे इंजेक्शन मिळते असेही ऐकले आहे. हे सर्व करून पाहिल्यावर मग शस्त्रक्रियेचा विचार करावा, असे मला वाटते.

निवृत्त अस्थिशल्यक :
माडबाग यांच्या शेकाला माझी मुळीच हरकत नाही. उबेने स्नायू सैल होतात, दुखणे काही काळ कमी होते आणि त्यानंतर व्यायाम सुसह्य होतो. निर्गुडीचा असो वा गरम पाण्याच्या पिशवीचा. मधुमेहींना त्वचेची जाणीव कमी असू शकते, एवढे भान ठेवून शेक फार गरम घेऊ नये. हरकत आहे ती ओढण्याला. आपल्या काकांचा खांदा बहुधा निखळलेला असावा किंवा त्यांच्या स्नायूंची उबळ सुटली असावी. साठी ओलांडलेल्या स्त्रीची हाडे विरळ झालेली असतात. झिजलेल्या, आखडलेल्या सांध्याला हिसका दिल्यास दंडाचे हाड गोल टोकाच्या खाली मोडते, आणि असे रुग्ण मी नोकरीच्या काळात पाहिलेले आहेत. तसेच नाव-गाव नसलेल्या पुड्यांपासून दूर राहावे. काहींमध्ये स्टेरॉइड मिसळलेले निघते, त्याने आठवडाभर छान वाटते आणि साखर मात्र हाताबाहेर जाते.

वंगणाच्या इंजेक्शनविषयी, म्हणजे हायल्युरोनिक ॲसिडविषयी, स्पष्ट लिहितो. अमेरिकेतील अस्थिशल्यविशारदांच्या अकादमीने खांद्याच्या झिजेसंबंधी २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत या इंजेक्शनाचा फायदा होत नाही असा निष्कर्ष भक्कम पुराव्याच्या आधारे नोंदवला आहे. रक्तातील प्लेटलेट काढून सांध्यात टोचण्याच्या उपचाराबाबत अजून पुरेसा पुरावा नाही. दोन्ही महाग आहेत. बागायतदाराच्या हंगामाची कमाई त्यात घालावी असे मला वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. सांधा झिजला आहे एवढे कळून भागत नाही, कशाने झिजला हे कळावे लागते. वयोमानाने होणारी झीज ही एक तऱ्हा झाली. पूर्वी कधी माडावरून वा गडग्यावरून पडून हाड मोडले असेल, खांदा वारंवार निखळत असेल, तर त्यानंतर काही वर्षांनी येणारी झीज वेगळी. रोटेटर कफ मोठ्या प्रमाणात फाटून दुर्लक्षित राहिला, तर दंडाच्या हाडाचे टोक वर सरकते आणि वरच्या हाडाला घासू लागते. या प्रकाराचे सविस्तर वर्णन चार्ल्स नीअर यांनी १९८३ साली केले. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतलेल्या किंवा अतिमद्यपान करणाऱ्या माणसात हाडाच्या टोकाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून ढासळते. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. आणि आपल्या देशात क्षयरोग विसरता येत नाही: खांद्याचा क्षय पुष्कळदा सूज वा पू न दिसता कोरडाच असतो, दंडाचा व खांद्याचा स्नायू झपाट्याने वाळतो, हात आखडतो आणि सर्वजण त्याला फ्रोझन शोल्डर समजून व्यायाम करून घेत राहतात. संध्याकाळचा बारीक ताप, घटते वजन किंवा घरात पूर्वी कोणाला क्षय झाल्याचा इतिहास असेल, तर तो डॉक्टरांना आपणहून सांगावा.

खांदा दुखतो म्हणून दोष खांद्यातच असेल असेही नाही. मानेतील दबलेली नस, पित्ताशय, फुप्फुसाच्या शेंड्यावरची गाठ आणि हृदय ही सर्व दुखणी खांद्यात जाणवू शकतात. चालताना वा चढ चढताना डावा खांदा दुखून घाम येत असेल, तर अस्थितज्ज्ञाची वाट न पाहता थेट ईसीजीसाठी जावे. सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप भरला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण सांध्यातील पू कूर्चेचा नाश काही दिवसांतच करतो.

ताई, आईंचा एक्स-रे कोणत्या कोनातून काढला आहे ते पाहावे. नेहमीच्या समोरून काढलेल्या चित्रात वाटी आणि टोक एकमेकांवर पडतात व जागा कळत नाही. रुग्णाला थोडे वळवून सांध्याच्या सरळ रेषेत एक आणि काखेतून एक, अशी दोन चित्रे हवीत.

समुद्रमेथी :
मी गेली अनेक वर्षे आमवाताची रुग्ण आहे, म्हणून एवढेच लिहिते की रक्ततपासणी टाळू नये. माझे दुखणे खांद्यापासूनच सुरू झाल्यासारखे वाटले होते. बोटांची पेरे सकाळी सुजतात याकडे मी लावणीच्या कामाचा शीण म्हणून पाहत होते. सकाळी उठल्यावरचा ताठरपणा तासभर किंवा त्याहून अधिक टिकत असेल आणि दोन्ही बाजूंचे सांधे दुखत असतील, तर आमवाताच्या तज्ज्ञांना दाखवावे. झिजेचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. या आजारावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे आहेत, ती वेळेवर सुरू केली तर सांधे वाचतात. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतते. घरात वयस्कर माणसे असतील तर वार ठरवून गोळी दुसऱ्याने काढून द्यावी.

खाडीपलीकडची :
आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. गावी जाऊन आले आणि सांगितल्याप्रमाणे दोन्ही कोनांतून एक्स-रे काढून घेतले. अहवालात सांध्यातील जागा खूप कमी झाली आहे, दंडाच्या हाडाच्या गोल टोकाखाली कंगोरा वाढला आहे, परंतु टोक वर सरकलेले नाही, असे म्हटले आहे. आमवाताच्या तपासण्या निर्दोष आल्या. क्षयाची काही लक्षणे वा इतिहास नाही. मनगट बाहेर नेऊन पाहिले, तर चांगल्या हाताच्या निम्म्याहूनही कमी वळते आणि आई लगेच कळवळते. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.९ आहे.

आईला विचारले की तुला नेमके काय करता यायला हवे. रात्रीची सलग झोप, स्वतःची वेणीफणी आणि नारळ खवणे, एवढेच तिने सांगितले. गणपतीत आरतीचे ताट दोन्ही हातांनी धरता आले तर उत्तम, असे नंतर भर घातल्यासारखे म्हणाली. आता एक डॉक्टर सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घ्यावे म्हणतात आणि दुसरे मधुमेहामुळे नको म्हणतात.

निवृत्त अस्थिशल्यक :
आता चित्र बरेच स्पष्ट झाले. ही वयोमानाची झीज दिसते आणि टोक वर सरकलेले नसल्याने रोटेटर कफ शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे. आपण आईंना विचारलेला प्रश्न आमच्यापैकी अनेकजण विचारायचे विसरतात. एक्स-रेत भयंकर दिसणारा खांदा घेऊन सर्व कामे करणारी माणसे असतात आणि एक्स-रेत मध्यम झीज असताना रात्र रात्र जागणारीही असतात. उपचार चित्रावरून ठरवायचा नसतो, दुखणे किती आहे आणि हाताने काय होत नाही यावरून ठरवायचा असतो. शस्त्रक्रिया आज ना उद्या करावीच लागेल, हे विधान म्हणूनच मला पटत नाही. पुष्कळ रुग्णांना ती कधीच लागत नाही.

इंजेक्शनविषयी दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे अंशतः बरोबर आहे. स्टेरॉइडमुळे दुखणे काही आठवडे, क्वचित काही महिने कमी होते. झीज भरून येत नाही. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस वाढते, म्हणून ८.९ असताना घाई न करता आधी औषधे नीट बसवून घ्यावीत, आणि इंजेक्शन घेतल्यावर आठवडाभर घरच्या यंत्रावर साखर रोज पाहावी. ही सुई सांध्याच्या आत पडायला हवी. नुसत्या हाताच्या अंदाजाने ती बाहेर पडण्याचा संभव बराच असतो, त्यामुळे सोनोग्राफीच्या साहाय्याने देणारा डॉक्टर शोधावा. दोन इंजेक्शनांमध्ये किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवावे. पुढेमागे सांधा बदलण्याचे ठरलेच, तर त्याआधीच्या तीन महिन्यांत इंजेक्शन घेऊ नये, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. आधी घेतलेल्या इंजेक्शनाविषयी शल्यचिकित्सकाने विचारले नाही तरी आपणहून सांगावे.

गोळ्यांच्या बाबतीत मला मधुमेहींची अधिक काळजी वाटते. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या आणि महिनोन्‌महिने घेतलेल्या दाहशामक गोळ्यांनी मूत्रपिंडे खराब झालेली माणसे आपल्या भागात कमी नाहीत. पॅरासिटामॉलचा गुण झिजेत बेताचाच येतो, परंतु ठरलेल्या मात्रेत ते सुरक्षित आहे. डायक्लोफेनॅक किंवा तत्सम गोळी घ्यायचीच असेल, तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी) व रक्तदाब पाहून, थोड्या दिवसांसाठी आणि पोटाच्या संरक्षणाच्या औषधासह घ्यावी. गुडघ्यावर उपयोगी पडणारे मलम खांद्यावर तितके उपयोगी पडत नाही, कारण हा सांधा जाड स्नायूंच्या खाली खोल असतो.

व्यायामोपचार :
डॉक्टरांनी लिहिल्यानंतर व्यायामाविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण फ्रोझन शोल्डरसाठी दिलेला व्यायामाचा कागद झिजलेल्या सांध्याला जसाच्या तसा लावला की दुखणे वाढते आणि मग रुग्ण व्यायामच सोडतो. फ्रोझन शोल्डरच्या उतरत्या काळात आखडलेले वेष्टन ताणायचे असते. झिजेमध्ये हाडावर हाड घासत असताना जोर लावून ताणल्याने काहीही साधत नाही. येथे उद्देश असा की जेवढी हालचाल उरली आहे ती टिकावी आणि भोवतालचे स्नायू सशक्त राहून सांध्यावरचा भार कमी व्हावा.

सुरुवात शेकानंतर करावी. टेबलाला चांगला हात टेकून पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि शरीराच्या हेलकाव्याने तो लहान वर्तुळात झुलू द्यावा. ही पद्धत अमेरिकी शल्यविशारद कॉडमन यांच्या नावाने ओळखली जाते. त्यानंतर टेबलावर पंचा पसरून त्यावर तळहात ठेवावा व तो पुढे सरकवावा. तिसरा प्रकार काठीचा आहे: दोन्ही हातांत आडवी काठी धरून चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला बाहेरच्या बाजूला अलगद ढकलावे, कळ येण्याच्या अलीकडे थांबावे. ताकदीसाठी हात न हलवता भिंतीवर मूठ दाबून धरण्याचे व्यायाम पुरेसे आहेत, आणि पाठीमागे दोन्ही फरे जवळ आणण्याचा व्यायाम तर प्रत्येकाने करावा. व्यायामानंतरचे दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत राहिले, तर आदल्या दिवशी जास्त झाले असे समजून निम्म्यावर यावे.

झोपेसाठी पाठीवर किंवा चांगल्या कुशीवर झोपून दुखऱ्या हाताच्या कोपराखाली उशी द्यावी, म्हणजे दंड मागे पडत नाही. पाठीवर झोपताना नेमके हेच राहून जाते आणि सर्व उशा मानेखाली जातात. पोलके घालताना दुखरा हात आधी घालावा, काढताना शेवटी काढावा. रोजच्या डब्यांची फळी खांद्याच्या खाली आणावी. विहिरीचे पाणी रहाटाने ओढणे बंद करावे. खवणीवर बसताना आईंनी नारळ अंगाजवळ, कोपर बरगड्यांना लागलेले ठेवून खवावा. हात पुढे लांब करून खवले की सांध्यावरचा भार वाढतो. वेणीसाठी कोपर उशीच्या थप्पीवर टेकवून हात वर ठेवता येतो. एसटीत वरचा दांडा धरणे मात्र कायमचे सोडावे.

बंदरावरचा :
मी वेंगुर्ल्याकडचा, मासेमारीच्या धंद्यातला. माझा सांधा बदललेला आहे, म्हणून त्या बाजूचे थोडे लिहितो. माझे प्रकरण ताईंच्या आईंसारखे नव्हते. रोटेटर कफ फाटून गेलेला होता, टोक वर चढलेले होते आणि हात छातीच्या वर जातच नव्हता. त्यामुळे उलट्या रचनेचा सांधा बसवला.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस सोडले तर दुखणे फारसे जाणवले नाही, आणि जुने रात्रीचे ठणकणे गेले ते परत आले नाही. त्रास झाला तो परावलंबनाचा. महिन्याहून अधिक काळ हात झोळीत होता, आडवे झोपता येत नव्हते म्हणून आरामखुर्चीतच रात्री काढल्या, आणि खुर्चीतून उठताना त्या हाताने रेटा द्यायचा नाही हे कितीही बजावले तरी सवयीने हात पुढे जात असे. लुंगी नेसण्यापासून भात कालवण्यापर्यंत दुसऱ्याची मदत लागते. घरात एक माणूस पूर्णवेळ मोकळा नसेल, तर तारीख पुढे ढकलावी असे मी सर्वांना सांगतो. आता डोक्यावरून टोपी काढता येते, भजनात टाळ धरता येतो. पाठीमागे हात मात्र जात नाही आणि तो जाणार नाही हे आधीच सांगितले गेले होते. जाळे ओढणे, बर्फाच्या पेट्या उचलणे कायमचे बंद झाले आहे.

खाडीपलीकडची :
काका, आपला अनुभव फार उपयोगी आहे. डॉक्टरसाहेब, उलट्या रचनेचा सांधा म्हणजे काय, आणि आईच्या बाबतीत पुढे वेळ आलीच तर कोणता सांधा योग्य ठरेल?

निवृत्त अस्थिशल्यक :
कृत्रिम खांद्याचा इतिहास गुडघ्याच्या आजच्या कृत्रिम सांध्याहून जुना आहे. पॅरिसमध्ये १८९३ साली झ्यूल पेआँ यांनी क्षयाने नष्ट झालेला एका रुग्णाचा खांदा काढून प्लॅटिनम व रबराचा सांधा बसवला होता; जंतुसंसर्गामुळे तो पुढे काढावा लागला. आधुनिक काळाची सुरुवात न्यूयॉर्कच्या नीअर यांच्यापासून, १९५० च्या दशकात झाली. त्यांच्या रचनेत, आणि तिच्यावरून पुढे आलेल्या आजच्या सरळ रचनेत, निसर्गाचेच अनुकरण आहे: दंडाकडे धातूचा गोल, आणि पुढे त्यात भर पडलेली फऱ्याकडची प्लॅस्टिकची वाटी. ही रचना चालण्यासाठी रोटेटर कफ धडधाकट हवा. कफ नसेल तर गोल वर सरकतो आणि प्लॅस्टिकची वाटी कडेने दाबली जाऊन सुटी होते.

यावर फ्रान्समधील पॉल ग्रामाँ यांनी १९८५ साली उपाय काढला. त्यांनी गोल फऱ्याकडे आणि वाटी दंडाकडे नेली. त्यामुळे सांध्याचा फिरण्याचा मध्य आत व खाली येतो आणि खांद्यावरचा मोठा डेल्टॉइड स्नायू एकटाच हात उचलू शकतो. साहजिकच तो स्नायू आणि त्याची नस शाबूत असणे ही अट आहे. हात पाठीमागे नेण्याची क्षमता त्यात कमी राहते, हे बंदरावरच्यांनी लिहिलेच आहे. आईंच्या बाबतीत कफ एमआरआयमध्ये चांगला दिसला आणि वाटीचे हाड मागच्या बाजूने फार खचलेले नसल्याचे सीटी स्कॅनमध्ये दिसले, तर सरळ रचना चालेल. अलीकडे सत्तरीच्या आसपासच्या रुग्णांत कफ शाबूत असतानाही उलटी रचना निवडणारे शल्यचिकित्सक वाढले आहेत, कारण पुढे कफ फाटला तरी ती बिघडत नाही. मी स्वतः सरळ रचनेकडे झुकतो, कारण पाठीमागे हात नेणे स्त्रियांच्या रोजच्या कामात फार लागते.

दहा वर्षांनंतर सुमारे ९० टक्के कृत्रिम खांदे शाबूत असतात. धोक्यांपैकी जंतुसंसर्गाचा विचार मधुमेहींनी अधिक करावा. खांद्याच्या व काखेच्या त्वचेत राहणारा क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू फार संथपणे वाढतो, ताप येत नाही, सूज दिसत नाही, आणि महिन्यांनंतर केवळ न थांबणारे दुखणे एवढेच त्याचे लक्षण असते. म्हणूनच बहुतेक शल्यचिकित्सक एचबीएवनसी साधारण ७.५ ते ८ च्या खाली आल्याशिवाय तारीख देत नाहीत. मानेच्या मुळाशी सुई देऊन हात बधिर केला जातो तेव्हा त्या बाजूचा श्वासपटल काही तास दुबळा होतो. दमा किंवा फुप्फुसाचा विकार असेल तर भूलतज्ज्ञांना आधी सांगावे.

थांबल्याने काही बिघडेल का, असा प्रश्न आपल्या मनात असेल. बहुतेकांचे बिघडत नाही. वाटीचे हाड खचत चालले असेल तरच उशीर महाग पडतो, आणि ते समजण्यासाठी वर्षातून एकदा त्याच दोन कोनांतून एक्स-रे काढणे पुरेसे आहे. शल्यचिकित्सक निवडताना त्यांनी गुडघे किती बदलले हे न विचारता खांदे किती बदलले हे विचारावे. या प्रश्नाने रागावणारा डॉक्टर टाळलेला बरा.

माडबाग :
ओढण्याविषयीचे म्हणणे मला पटले. काकांचा खांदा निखळलेलाच होता, असे घरी विचारल्यावर कळले. खर्चाविषयी एक माहिती देतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांचे एकत्रित संरक्षण आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे. मात्र कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते हे गृहीत धरू नये. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला शस्त्रक्रियेचे नाव सांगून आधीच विचारावे आणि शिधापत्रिका व आधारकार्ड सोबत न्यावे.

व्यायामोपचार :
यात एक भर घालते. सिंधुदुर्गातील माणसे अशा शस्त्रक्रियेसाठी गोव्यातील बांबोळी, कोल्हापूर किंवा मुंबईला जातात, ते ठीक आहे; पण शस्त्रक्रिया एका दिवसाची आणि त्यानंतरचा व्यायाम सहा महिन्यांचा असतो. घरापासून जाण्यायेण्याच्या अंतरावर फिजिओथेरपिस्ट आहे का, हे आधी पाहावे आणि शल्यचिकित्सकाकडून त्यांच्या नावे लेखी सूचना आणाव्यात, विशेषतः हात बाहेरच्या बाजूला किती अंशांपर्यंत आणि कोणत्या आठवड्यापासून न्यायचा याविषयी. सरळ रचनेत पुढचा स्नायू कापून पुन्हा शिवलेला असतो आणि घाईने हात बाहेर वळवला तर ती शिवण उसवते.

खाडीपलीकडची :
आमचे ठरले ते कळवते. मधुमेहाच्या डॉक्टरांनी औषधे बदलली आहेत. साखर आटोक्यात आली की सोनोग्राफीच्या साहाय्याने एक इंजेक्शन घेऊन पाहायचे आणि त्याच्या आरामात व्यायाम नीट बसवून घ्यायचा. कोपराखालच्या उशीने झोपेत फरक पडला आहे, असे आई फोनवर म्हणाली. फळी भावाने खाली आणली. शस्त्रक्रियेचा विचार पुढच्या वर्षीचा एक्स-रे आणि आईची इच्छा पाहून करू. एक शंका राहिली आहे: आताचे एक्स-रे पुढच्या तुलनेसाठी कसे जपावेत?

निवृत्त अस्थिशल्यक :
योजना योग्य आहे. एक्स-रे काढला तेथून त्याची सीडी किंवा मूळ डिजिटल फाइल मागून घ्यावी. मोबाइलने काढलेल्या फोटोवरून सांध्यातील जागा मोजता येत नाही. आपल्याकडच्या पावसाळ्यात फिल्म एकमेकींना चिकटून निकामी होतात, म्हणून प्रत्येक फिल्म कोऱ्या कागदात वेगळी ठेवून कोरड्या कपाटात उभी ठेवावी, आणि पाकिटावर तारीख व उजवा-डावा खांदा ठळक लिहावा.